एका इंग्रज धर्मगुरूचे मराठी पुराण



१६१६ साली इंग्लंडमध्ये शेक्सपिअर वारला. त्याच वर्षी गोव्यात राशोल येथे एका इंग्रज धर्मगुरूचा मराठी ग्रंथ छापून निघाला. तो ग्रंथ म्हणजे ख्रिस्तपुराण आणि लेखक येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमाराचा. ते दिवस विद्येच्या नव्या बहराचे, तसेच धर्मावरून डोकी उडण्याचे. आठव्या हेन्री राजाला धर्मप्रमुख मानले नाही म्हणून १५३५ मध्ये सर थॉमस मोर यांचा शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी, बायबल इंग्रजीत आणणाऱ्या विल्यम टिंडेलला कॅथलिक सत्तेने पाखंडी ठरवून मारले. रक्त दोन्ही बाजूंनी सांडले, हे आपण लपवू नये. एलिझाबेथ राणीच्या राज्यात मिस्सा बेकायदा ठरली. स्टीफन्स रोमला गेले, १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरले. मायदेशी परतलेले त्यांचे संघबंधू एडमंड कॅम्पियन १५८१ मध्ये लंडनला फासावर गेले.

गोव्यात वेगळीच अडचण होती. पोर्तुगीज अमलाखाली नवख्रिस्ती लोकांचे जुने ग्रंथ बंद झाले होते. मग आम्ही वाचायचे काय, असा त्यांचा प्रश्न पुराणातच आला आहे. आम्हांला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. पोट भरले तरी माणसाला गोष्ट लागते, गाणे लागते! फादरांनी उत्तर दिले ते सुमारे अकरा हजार ओव्यांचे. ज्ञानेश्वरीची तीच ओवी. आपल्या राहूकडच्या आजीबाईंना जात्यावरून ठाऊक असलेलीही तीच. स्वर्गाला त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले.

छपाई मात्र रोमन लिपीत झाली, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. फादर १६१९ मध्ये वारले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले. राशोलच्या छापील प्रतींपैकी आज एकही सापडत नाही. पुराण टिकले ते लोकांनी हाताने उतरून घेतलेल्या वह्यांमुळे. त्यांवरून १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले, तेही रोमन लिपीतच. देवनागरीतली आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये आपल्या पुण्यात काढली.