रस्ता खोदला जातो तेव्हा



नवीन पाइपलाइनसाठी शाळेसमोरचा रस्ता खोदलेला आहे. धूळ वर्गात येते, ऑटो मात्र गेटापर्यंत येत नाही. अशा वेळी स्कॉटलंडच्या राजधानीचा, एडिनबर्गचा अनुभव आम्हाला सांगावासा वाटतो.

तिथे विमानतळापासून शहराच्या मध्यापर्यंत सुमारे १४ किलोमीटर ट्राममार्ग बांधण्यात आला. आपल्या इंदूरची मेट्रो ३१ मे २०२५ रोजी पाच स्थानकांदरम्यान धावू लागली, ती खांबांवरून. ट्राम शहरात रस्त्यावरूनच जाते. म्हणून रूळ टाकण्याआधी खालच्या पाण्याच्या व गॅसच्या नळ्या आणि तारा बाजूला घ्याव्या लागतात. नाही तर पुढे एखादी नळी फुटली की ट्राम बंद ठेवून रूळच उखडावे लागतील.

हे काम २००७ मध्ये सुरू झाले. त्यात ठेकेदारांशी वाद झाले. प्रिन्सेस स्ट्रीट ही मुख्य बाजारपेठ २००९ मध्ये कित्येक महिने वाहतुकीस बंद होती, २०११ मध्ये ती पुन्हा खोदली गेली. २०११ मध्ये सुरू व्हायची ट्राम ३१ मे २०१४ रोजी धावली. खर्च ५४.५ कोटी पौंडांवरून ७७.६ कोटींवर गेला. लीथ भागातील लोकांनी तर खोदकाम सोसले, पण त्यांच्याकडे ट्राम आली ती थेट जून २०२३ मध्ये. त्याच वर्षी चौकशीचा अहवाल आला. कामाची खरी स्थिती नगर परिषदेला वेळेवर सांगितली गेली नाही, असा ठपका त्यात आहे.

यातून आम्हीही धडा घेतला. ‘पंधरा दिवसांत रस्ता मोकळा होईल’ ही सूचना आम्ही ऐकीव माहितीवर फळ्यावर लावली होती. आज दीड महिना झाला. पालकांनी तिच्यावर विश्वास ठेवला आणि मुलांच्या डायरीत उशिराचे शेरे पडले. ते सर्व शेरे आम्ही रद्द करीत आहोत. यापुढे दर शनिवारी, खात्रीने माहीत असेल तेवढेच फळ्यावर लिहू.

एक विनंती. गेटासमोरच्या वह्या-पेनवाल्या काकांचे गिऱ्हाईक तुटले आहे. थोडा वळसा पडला तरी खरेदी त्यांच्याकडेच करावी.

गृहपाठ (इयत्ता ८ वी व ९ वी) : कठड्याबाहेर उभे राहून खड्ड्यातील नळ्या व तारा पाहा. कोणती कशाची, हे मोठ्यांना विचारून वहीत आकृती काढा.