दोघेही अंथरुणावर असताना : शुश्रूषेचे कर्तव्य कोणाचे?

पती आजारी पडला तर पत्नीने आणि पत्नी आजारी पडली तर पतीने शुश्रूषा करावी, हे प्रत्येक घर जाणते. परंतु दोघांवरही एकाच वेळी शस्त्रक्रिया झाली तर? मूत्रपिंड प्रत्यारोपणामुळे हा प्रश्न आज अनेक घरांपुढे उभा राहत आहे. पत्नी आपले एक मूत्रपिंड पतीला देते, तेव्हा दोघेही एकाच दिवशी शस्त्रक्रियागृहात जातात आणि दोघेही टाके घेऊनच घरी परततात.

१९९४ च्या कायद्याने पती-पत्नीला अवयवदानासाठी निकटचे नातेवाईक मानले आहे. दोघांचे जुळत नसेल तर दोन कुटुंबांनी परस्परांत अदलाबदल करावी, ही सोय २०११ च्या दुरुस्तीने झाली. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका मुस्लिम व एका हिंदू कुटुंबात अशी अदलाबदल झाली. प्रत्येक पत्नीने दुसरीच्या पतीला मूत्रपिंड दिले. म्हणजे दोन दांपत्ये, चार माणसे, एकाच वेळी अंथरुणावर!

अवयवदानाच्या वैधतेविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत. १९८८ मध्ये जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने काही अटींवर त्यास अनुमती दिली : दात्याच्या जिवाला धोका नसावा, दान स्वेच्छेने व्हावे आणि अवयवाची विक्री होऊ नये. आपल्या उपखंडातील अनेक मुफ्ती मात्र ते नाजायज मानतात. म्हणून निर्णयापूर्वी विश्वासू मुफ्ती व तज्ज्ञ डॉक्टर या दोघांनाही विचारावे. शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेविषयी मात्र कोणताही मतभेद नाही.

हिजरी सन २ मध्ये बद्रच्या मोहिमेची वेळ आली, तेव्हा हजरत उस्मान (रजि.) यांच्या पत्नी हजरत रुकय्या (रजि.) गंभीर आजारी होत्या. पैगंबर (स.) यांनी उस्मान (रजि.) यांना पत्नीजवळ थांबण्यास सांगितले आणि बद्रमध्ये हजर असलेल्याइतकेच पुण्य व गनीमतीचा वाटा त्यांना मिळेल असे आश्वासन दिले. आजारी पत्नीच्या उशाशी बसणे हे केवढे मोठे कार्य आहे, हे यावरून कळते. त्याला बायकी काम समजणाऱ्यांनी या प्रसंगावर विचार करावा.

पण ज्या घरात उस्मान स्वतःच अंथरुणावर आहे, तिथे कोण बसणार? बहुधा अशा घरात अन्याय होतो तो पत्नीवर. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. पती रुग्ण म्हणून सर्वांची नजर त्याच्याकडे. पत्नी मात्र ‘धडधाकट होती म्हणून तर दिले’ असे मानून चार दिवसांत चुलीपुढे उभी केली जाते. वस्तुतः तिच्याही पोटावर जखम असते आणि काही आठवडे तिने पाण्याचा हंडा किंवा अन्य जड ओझे उचलायचे नसते. जिने आपल्या देहाचा भाग दिला, तिच्याकडून वर सेवाही वसूल करणे हा जुलूम आहे.

फुकहांनी सांगितले आहे की, ज्या रुग्णाची देखभाल करणारे कोणी नाही, त्याची देखभाल फर्ज-ए-किफाया आहे. कोणीतरी केली तर सर्वांची जबाबदारी उतरते. कोणीच केली नाही तर सारी वस्ती गुन्हेगार ठरते. दोघेही अंथरुणावर असलेले घर हे असेच घर होय. तिथे दीर, भाऊ, जाऊ, शेजारी आणि जमात यांनी पुढे यावे.

आमच्या चिंचणीच्या मातीत याचा एक जुना दाखला आहे. येथे सापडलेल्या शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण प्रदेशाचा कारभार पाहणाऱ्या मधुमती नावाच्या अरब अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. अभ्यासक या नावात ‘मुहम्मद’ हे नाव वाचतात. त्याने नद्यांवर विनामूल्य तरी सुरू केल्या आणि विनामूल्य भोजनाचे अन्नछत्र घातले. प्रवास आणि जेवण! आज वाणगावला गाडी पकडून मुंबईच्या रुग्णालयात खेपा घालणाऱ्या कुटुंबालाही याच दोन गोष्टी हव्या असतात. जमातीने तपासणीच्या दिवशी वाहन द्यावे आणि दोन्ही वेळचा डबा घराघरांत वाटून घ्यावा.

भेटीचेही अदब आहेत. प्रत्यारोपण झालेल्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी ठेवलेली असते. म्हणून सर्दी-खोकला असलेल्याने दारातूनच दुआ करावी आणि इतरांनीही थोडाच वेळ बसावे.

इबादतीत अल्लाहने सवलत ठेवली आहे. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही शक्य नसेल तर पडून इशाऱ्याने नमाज अदा करावी. पाण्याने अपाय होणार असेल तर तयम्मुम, आणि जखमेवर पट्टी असेल तर तिच्यावर मसह करावा. रोज्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषधांच्या वेळा चुकवून रोजा धरणे ही परहेजगारी नव्हे.

सूरह रूममध्ये अल्लाहने पती-पत्नीमधील प्रेम व दयेला आपली निशाणी म्हटले आहे. ते दोघे ही निशाणी आपल्या देहांवर वागवत असतात. तिची कदर करणे हे आपल्यावर आहे. अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो आणि आपल्याला त्यांच्या दारी पोहोचण्याची तौफीक देवो. आमीन.