धूळ की भुरी?

मित्रांनो, रोबोट आणि प्रोजेक्ट सोडून गुलाबाच्या पानांवर लेख बघून हसू नका. फॉल्ट शोधणं इथेही आहेच!

आमचं शिरूर कासार सिंदफणेच्या काठी, पण हवा कोरडी. हिवाळ्यात अंगणातले गुलाब, झिनिया पांढरे दिसले की सगळे म्हणतात, "धूळ आहे." बुरशी म्हटलं की आपल्याला पावसाळाच आठवतो ना! पण भुरी ही वेगळ्या स्वभावाची बुरशी आहे. तिला पान ओलं लागत नाही. दिवसा कोरडी हवा आणि रात्री गारवा, दमटपणा एवढं तिला पुरतं. उलट पानावर पाणी साचलं तर तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. म्हणजे धूळ समजून पानं धुणारी आजी नकळत थोडा इलाजच करत असते!

मग ओळखायचं कसं? धूळ पानाच्या वरच्या बाजूला बसते, जुन्या पानांवर जास्त. भुरी गोल ठिपक्यांनी सुरू होते आणि कोवळ्या शेंड्यावर, पानाच्या खालीसुद्धा, कळीच्या देठावरही चढते. कोवळं पान आकसतं, लालसर होतं, कळी धड उमलत नाही. बोट फिरवून पाहणं पुरेसं नाही, कारण दोन्ही पुसलं जातं. पुसलेल्या पानाला दोरा बांधा आणि चार-पाच दिवसांनी बघा. त्याच जागी पुन्हा गोल ठिपका आला तर भुरीच. बोअरच्या पाण्याचे क्षारही पांढरे डाग पाडतात, पण ते खरखरीत असतात, बोटाने निघत नाहीत.

गुलाबावरचे काळे ठिपके हा मात्र वेगळा रोग. ठिपक्याची कड झालरीसारखी, भोवती पान पिवळं, मग गळतं. या बुरशीला पान काही तास सलग ओलं लागतं, म्हणून संध्याकाळी झाडावरून पाणी ओतू नये. बुडाशी घालावं. गळलेली पानं वेचून टाकावीत.

भुरीवर द्राक्षवाले वापरतात तेच पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, लिटरला 2 ग्रॅम, सकाळी लवकर. नाकातोंडाला रुमाल हवाच. मार्चनंतर मात्र नको. बीडच्या उन्हात गंधकाने पानंच करपतात, आणि त्या उकाड्यात भुरी आपोआपही कमी होते.