मोटारीच्या दिव्यावरील ओरखडे व त्यांची दुरुस्ती

बाळापूर हें गांव मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेलें असून अकोल्याहून खामगांवाकडे जाणारा हमरस्ता त्याच्या शेजारूनच जातो. कापसाची वेचणी सुरू झाली म्हणजे शेतकऱ्यांचीं मालवाहू वाहनें रात्रीं-अपरात्रीं बाजारपेठ गांठूं लागतात. अशा वेळीं समोर बिनदिव्याची बैलगाडी चालली असेल, तर ती वेळेवर दिसणें हें आपल्या वाहनाच्या पुढील दिव्यावरच अवलंबून असतें. परंतु इंजिनाच्या तेलाची जितकी काळजी आपण वाहतों, तितकी दिव्याच्या कांचेची वाहत नाहीं. ती धुरकट झाली तरी बल्ब जुना झाला असें समजून स्वस्थ बसतों. म्हणून या विषयाची थोडी माहिती आम्ही येथें देत आहों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ज्यास आपण कांच म्हणतों ती हल्लींच्या बहुतेक मोटारींत कांच नसतेच. तें पॉलिकार्बोनेट नांवाचें प्लास्टिक होय. जर्मनींतील बायर कंपनींत हर्मान श्नेल यांनीं १९५३ सालीं तें सिद्ध केलें. तें हलकें असून आपटलें तरी सहसा फुटत नाहीं; पण कांचेपेक्षां पुष्कळच मऊ असतें. म्हणून कारखान्यांत त्यावर पातळ, कठीण व पारदर्शक असा लेप देतात. धूळ कोरड्या फडक्यानें पुसली, कीं तिच्यांतील बारीक कण या लेपावर ओरखडे पाडतात. आणि वऱ्हाडच्या कडक उन्हांतील अतिनील किरण उघडें पडलेलें प्लास्टिक पिवळें करतात. जुन्या ट्रॅक्टरांचे दिवे मात्र अनेकदां खऱ्या कांचेचे असतात. टिचकी मारली असतां कांच खणखणते, प्लास्टिकाचा आवाज बद्द येतो. खऱ्या कांचेवर पुढील कृति करूं नये. तिच्यावर खोल ओरखडे असल्यास ती बदलणेंच श्रेयस्कर.

दुरुस्तीपूर्वी एक परीक्षा करावी. थंड दिव्यावर पाणी ओतावें. ओला असतां तो स्वच्छ दिसला, तर दोष बाहेरच्या पृष्ठावर आहे व तो बहुधा निघेल. तसाच धूसर राहिला, तर दोष आंत असण्याचा संभव आहे. मग बाहेरून घासण्याचे श्रम फुकट जातील.

कृति अशी: दिवा साबणाच्या पाण्यानें धुवून भोंवतालच्या रंगावर चिकटपट्टी लावावी. मोटारी रंगविणारे वापरतात तो ‘वॉटर पेपर’ १०००, १५००, २००० व ३००० या क्रमांकांचा आणावा; अंक जितका मोठा, तितका कागद बारीक. ओरखड्यांत नख अडकत असेल तर ८०० पासून आरंभ करावा. कागद व दिवा सतत ओले ठेवून हलक्या हातानें घासावें. एका कागदानें आडवें घासलें, तर पुढच्यानें उभें घासावें. आधींच्या रेघा साऱ्या नाहींशा झाल्यावरच पुढील क्रमांक घ्यावा. नांगरटीचीं ढेकळें फोडल्यावांचून आपण पेरणी करीत नाहीं, तद्वत् येथेंहि पायरी गाळूं नये. आरंभीं दिवा अधिकच पांढरा दिसेल. त्यानें घाबरूं नये. शेवटीं रंगाच्या दुकानांत मिळणारें पॉलिशचें मलम मऊ सुती फडक्यानें चोळलें, कीं पारदर्शकता परत येते.

पुष्कळ लोक येथेंच थांबतात व कांहीं महिन्यांतच दिवा पुन्हां पिवळा पडला म्हणून तक्रार करतात. याचें कारण उघड आहे. घासण्यानें ओरखड्यांबरोबर कारखान्याचा लेपहि गेलेला असतो. तेव्हां दिवा पुसून पूर्ण कोरडा करावा आणि अतिनील किरण रोखणारा, दिव्यांसाठींच मिळणारा पारदर्शक लेप डब्यावरील सूचनेप्रमाणें सावलींत, धूळ नसेल तेथें द्यावा. हें शेवटचें काम टाळणें म्हणजे कुंपण न घालतां पीक राखणें होय.

दांत घासण्याचें मलम चोळल्यानें किंचित् चमक येते, पण ती टिकत नाहीं. पेट्रोल किंवा थिनर तर मुळींच लावूं नये. त्यानें प्लास्टिकास बारीक तडे जातात. दुरुस्तीनंतर रात्रीं भिंतीवर प्रकाश पाडून दोन्ही दिवे सारखे पडतात कीं नाहीं तें पाहावें. आणि यापुढें धूळ पुसण्यापूर्वीं दिव्यावर तांब्याभर पाणी ओतण्याची संवय ठेवावी. तेवढ्यानें निम्मे ओरखडे पडणारच नाहींत, असा आमचा विश्वास आहे.