विद्यापीठाच्या दारी जाण्यापूर्वी : शाळेच्या अंगणातील एक पाठ

संशोधनसंस्थांनी आपली दारे शाळकरी मुलांस खुली करावीत, ही कल्पना महाराष्ट्रात नवी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली पुणे येथे 'आयुका' हे खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठीय केंद्र स्थापन केले. संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने तेथे शालेय विद्यार्थ्यांसाठी शनिवारची व्याख्याने होऊ लागली. सुट्टीत काही विद्यार्थ्यांस शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधीही मिळू लागली. पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' उभी राहिली.

परंतु सोलापूरहून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. जिल्ह्यात २००४ साली स्वतंत्र विद्यापीठ झाले व शहराजवळ विज्ञान केंद्रही आहे. तथापि करमाळा वा अक्कलकोट तालुक्यातील वस्तीवरच्या मुलास तेही अंतर थोडे नव्हे. शिवाय सहल निघाली तरी ज्याच्या मनात प्रश्नच नाही, असा विद्यार्थी यंत्रे पाहतो आणि विसरतो. प्रश्न जागा करण्याचे कार्य मूल माध्यमिक शाळेत जाण्यापूर्वीच व्हावयास हवे. ते प्राथमिक शिक्षकाचे कार्य होय.

डॉ. नारळीकर (निधन २०२५) यांची रीत या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. मुले स्वाक्षरी मागू लागली की ते त्यांस पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत. उत्तराखाली त्यांची स्वाक्षरी येई. पोस्टकार्डास एस. टी.चे भाडे पडत नाही. लागतो तो स्वतःचा प्रश्न. तो निर्माण करणारा एक पाठ पुढे दिला आहे. इयत्ता सहावी व सातवीस तो योग्य आहे.

साहित्य : एक मीटर लांबीची सरळ काठी, ओळंबा, खडू, घड्याळ.

कृती : सपाट जागी काठी ओळंब्याने उभी करावी. जुलैच्या मध्यास, ऊन असेल त्या दिवशी, सव्वाबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली हीच खरी मध्यान्ह. ती मोजून तिची दिशा वहीत लिहावी. ऑगस्टच्या मध्यास हीच कृती पुन्हा करावी. सूर्याकडे थेट पाहू नये, ही ताकीद आधी द्यावी.

निरीक्षण : जुलैत सावली सहा-सात सेंटिमीटर, दक्षिणेकडे, ऑगस्टात जवळजवळ तेवढीच, परंतु उत्तरेकडे.

चर्चा : सावलीने बाजू बदलली, त्याअर्थी मधल्या एका दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर आला. सोलापुरास हे मेच्या दुसऱ्या व ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घडते. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे ते कधीच घडत नाही. मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास का? भारतीय प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखांशाची आहे. सोलापूर सुमारे ७६ अंशांवर. दर अंशास चार मिनिटे, म्हणजे सव्वीस मिनिटांचा फरक. ऋतुपरत्वे त्यात काही मिनिटे कमीअधिक होतात.

शिक्षकांनी ही उत्तरे प्रथम सांगू नयेत; मुलांस तर्क करू द्यावा. चर्चेनंतरही जे प्रश्न सुटले नाहीत, ते मुलांच्याच शब्दांत कार्डावर लिहून जवळच्या माध्यमिक शाळेतील विज्ञानशिक्षकांकडे अथवा विद्यापीठाकडे पाठवावेत. शिक्षकास स्वतःस उत्तर ठाऊक नसल्यास तसे मोकळेपणाने सांगण्यात कमीपणा नाही. निरीक्षणांची वही वर्गात जपून ठेवावी. पुढे त्याच मुलास व्याख्यानास वा विज्ञान केंद्रास जाण्याचा योग आला, तर विचारावयाचे काय, हे त्याला आधीच ठाऊक असेल.