मोटारसायकलीचा ब्रेक व चाकाची पकड

ओल्या रस्त्यावर मोटारसायकलीसमोर एकाएकीं मूल आलें. घाबरलेला चालक ब्रेक आवळून धरतो. चाक फिरावयाचें थांबतें, पण गाडी थांबत नाहीं. ती घसरत जाते. पुढचें चाक असें जखडलें, तर तोलहि राहत नाहीं. कारण, फिरत्या चाकाची रस्त्यावरील पकड घसरत्या चाकाहून अधिक असते.

चाक जखडूं न देणारी एबीएस ही योजना याच तत्त्वावर उभारली आहे. चाकाजवळील संवेदक त्याची गति मोजीत असतो. चाक जखडूं लागतांच ब्रेकचा दाब क्षणभर उतरतो व पुन्हा चढतो. हें एका सेकंदांत अनेकदां घडतें. १९८८ सालीं बी. एम. डब्ल्यू. च्या मोटारसायकलीवर विद्युत्‌नियंत्रित एबीएस प्रथम आलें. भारतांत २०१९ पासून १२५ सी. सी. हून मोठ्या नव्या गाड्यांस तें सक्तीचें आहे.

तर मग त्यासाठीं अधिक पैसे मोजावे काय? अवश्य मोजावे. तथापि सुट्या खडीवर त्यामुळें थांबण्याचें अंतर वाढूंहि शकतें. आणि वेग दुप्पट झाला, कीं ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर सुमारें चौपट होतें, हा नियम कोणतेंहि यंत्र मोडूं शकत नाहीं. पालक ब्रेक विकत घेऊन देतील. ईश्वरानें दिलेला विवेक मात्र, मुलांनो, तुम्हांसच वापरावयाचा आहे.