रुप्याचे स्मारक नाणे आणि हवाई कसरतींचे पथक

इ. स. २०२४ मध्ये चेन्नई शहराने सात आठवड्यांच्या अंतराने दोन समारंभ पाहिले. १८ ऑगस्ट रोजी माजी मुख्यमंत्री मु. करुणानिधी यांच्या जन्मशताब्दीनिमित्त काढलेल्या शंभर रुपयांच्या नाण्याचे संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते प्रकाशन झाले. ६ ऑक्टोबर रोजी भारतीय वायुसेनेच्या ब्याण्णवाव्या वर्धापनदिनानिमित्त मरीना किनाऱ्यावर हवाई कसरती झाल्या आणि त्या पाहण्यास लाखो लोक लोटले. पहिल्या समारंभातील वस्तू मुठीत मावणारी आणि शतकानुशतके टिकणारी. दुसऱ्यातील दृश्य अवघे आकाश व्यापणारे, परंतु धुराच्या रेषा विरताच नाहीसे होणारे. अशा क्षणभंगुर दृश्याला धातूत स्थिर करावयाचे झाल्यास काय करावे लागते, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

नाणे आणि पदक

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. बाजारात रुप्याची चकती म्हणून जे जे विकले जाते ते सर्व नाणे नव्हे. ज्यावर शासनाच्या अधिकाराने चलनातील मूल्य अंकित झालेले असते तेच नाणे. बाकीची पदके होत. २०११ च्या नाणे अधिनियमातील व्याख्येप्रमाणे, विशिष्ट प्रसंगाच्या वा घटनेच्या स्मरणार्थ शासनाने किंवा शासनाने अधिकार दिलेल्या संस्थेने पाडलेले व भारतीय चलनात मूल्य दर्शविणारे नाणे ते स्मारक नाणे. पदकाने एखादी संस्था किंवा व्यक्ती गौरव करते. नाण्याने राज्यसंस्था करते. म्हणूनच नाण्यावर कोणाला स्थान मिळावे, हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही.

स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघाले. ते निकेलचे होते. रुप्याचा मान १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या दहा रुपयांच्या नाण्यास मिळाला.

धातूचा हिशेब

जुन्या इंग्रजी अमदानीतील रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध रुपे असे. दुसऱ्या महायुद्धात रुप्याची टंचाई भासू लागली, तेव्हा १९४० मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आणण्यात आले व १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. १९६९ च्या गांधी नाण्याचे वजन १५ ग्रॅम व रुपे शेकडा ८०, म्हणजे शुद्ध रुपे १२ ग्रॅम. अलीकडील अनेक स्मारक नाणी, उदाहरणार्थ चेन्नईतील उपरोक्त नाणे, ४४ मिलिमीटर व्यासाची व ३५ ग्रॅम वजनाची असून त्यांत शेकडा ५० रुपे, ४० तांबे, ५ निकेल व ५ जस्त असते. शुद्ध रुपे भरते १७.५ ग्रॅम. युद्धकाळातील चलनासाठी याच प्रमाणाचा चतुर्धातू वापरला गेला होता. टंचाईतून जन्मलेला मिश्रधातू पुढे गौरवाचे माध्यम ठरला, ही या इतिहासातील गमतीची गोष्ट होय.

ठशापासून नाण्यापर्यंत

मुंबईच्या कोटभागातील टांकसाळीची इमारत १८२९ मध्ये पूर्ण झाली. तेथे पाडलेले सामान्य नाणे वर्षाखालील हिऱ्याच्या आकाराच्या खुणेवरून ओळखता येते. घडणीची जुनी रीत अशी: कलावंत प्रथम मोठ्या आकारात उठावाचा नमुना करी, यंत्राच्या साहाय्याने तो लहान करून पोलादावर उतरविला जाई व त्यापासून ठसे तयार होत. आता पुष्कळसे कोरीवकाम संगणकाच्या आधारे होते. धातूचे पत्रे लाटून चकत्या कापतात, त्यांची कड उचलतात, तापवून मऊ करतात व स्वच्छ करतात. संग्राहकांसाठी असलेल्या उत्कृष्ट प्रतीच्या नाण्यांकरिता ठसा व चकती दोन्ही घासून आरशासारखी केली जातात आणि एकाहून अधिक वेळा दाब दिला जातो. त्यामुळे सपाट भाग चकचकीत व उठावाचा भाग मंद, दुधाळ दिसतो.

नऊ विमाने आणि एक चकती

वायुसेनेचे सूर्यकिरण पथक १९९६ मध्ये बीदर येथे उभे राहिले. बीदर जिल्ह्याच्या भालकी, औराद, बसवकल्याण या भागांत मराठी घरोघरी बोलली जाते. प्रारंभी पथकाकडे किरण विमाने होती. २०११ मध्ये कार्यक्रम थांबले व २०१५ मध्ये हॉक विमानांसह पथकाची पुन्हा उभारणी झाली. नऊ विमाने परस्परांपासून सुमारे पाच मीटर अंतरावर उडतात.

आता हिशेब करून पाहू. शंकरपाळ्याच्या आकाराच्या रचनेत विमानांच्या पाच रांगा असतात. ४४ मिलिमीटरच्या नाण्यावर अक्षरांची जागा वगळून चित्रास ३० मिलिमीटर मिळाले, तर एका विमानाच्या वाट्यास सहा मिलिमीटर लांबी येते. हॉक विमान बारा मीटरांहून थोडे अधिक लांब आहे; म्हणजे ते सुमारे दोन हजारपट लहान करावे लागेल. ज्या पाच मीटरांवर वैमानिकांचे प्राण अवलंबून, ते अंतर नाण्यावर अडीच मिलिमीटर भरेल. येथे चकचकीत पृष्ठभाग आकाशाचे काम करतो व मंद उठाव विमानांचे. योगायोगाने बीदरच्या बिदरी कामातही हेच तत्त्व आहे. तेथे जस्त-तांब्याची काळी पार्श्वभूमी आणि तीवर जडविलेले शुभ्र रुपे यांच्या विरोधातून आकृती उमटते.

असा प्रयोग कॅनडाने केला आहे. तेथील स्नोबर्ड्स पथक १९७१ मध्ये मूस जॉ येथे स्थापन झाले. त्याच्या पस्तिसाव्या वर्षी, २००६ मध्ये, शाही टांकसाळीने पाच डॉलरचे शुद्ध रुप्याचे नाणे टपाल तिकिटांसह प्रसिद्ध केले.

जे नाण्यावर येत नाही

नाण्यावरील रचना नेहमी पूर्ण असते. प्रत्यक्षात तशी ती सदैव राहत नाही. सूर्यकिरणने २००६ मध्ये दोन, २००९ मध्ये एक व २०१९ मध्ये येलहंका येथील सरावात एक वैमानिक गमावला. १७ मे २०२० रोजी, महासाथीने खचलेल्या देशबांधवांना धीर देण्यासाठी निघालेल्या स्नोबर्ड्स पथकाचे एक विमान कॅम्लूप्स येथे कोसळले व त्यातील जनसंपर्क अधिकारी मृत्यू पावल्या. मरीनावरील प्रदर्शनाच्या दिवशी उकाडा व गर्दी यांत पाच प्रेक्षकांचा अंत झाला.

यास्तव स्मारक नाणे हाती येताच चार प्रश्न विचारावेत: ते कोणाच्या अधिकाराने निघाले, त्यात रुपे किती, त्यावर काय दाखविले आहे आणि काय दाखविलेले नाही. पहिल्या तिहींची उत्तरे नाण्यावर व त्याच्या अधिसूचनेत मिळतात. चौथ्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. आणि ते शोधल्यावाचून स्मरण पुरे होत नाही.